पानीले भोक सापडसच

मिस्तरींनी पिकअपच्या केबिनमधलं छताचं अस्तर खाली ओढलं, तेव्हा पत्र्याच्या आतल्या बाजूला सहा तांबूस वर्तुळं दिसली. प्रत्येकाच्या मधोमध एक गंजलेला नट. वर्षभरापूर्वी बसवून घेतलेल्या कॅरिअरचे हे सहा पाय. गेल्या आषाढात ड्रायव्हरच्या पायाशी पाणी साचत होतं. दाराचं रबर बदललं, तरी ते थांबलं नाही. ते वरून येत होतं. अस्तराच्या पाठीमागून खांबात उतरायचं आणि तिथून मॅटखाली.

मिस्तरींनी एका नटावर बोट टेकवलं. “पानीले भोक सापडसच, भाऊ.”

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यामुळे गाड्यांची बॉडी, हौदे, फाळके, कॅरिअर करणारे हात इथे पिढीजात आहेत. जळगावला अजिंठा चौफुलीच्या आसपासही तेच. खानदेशातल्या शेतकऱ्याला टपावर कॅरिअर लागतंच. जळगावहून ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आणायची तर ती वजनाला हलकी, पण जागा फार खातात. हौद्यात खतं-बियाणं, टपावर वेटोळी, अशी विभागणी सोयीची पडते.

माझ्याकडून मात्र त्याच कॅरिअरवर सहा मीटरचे पीव्हीसी पाईपही तिरपे टाकून आणले गेले. मागचं टोक हौद्याबाहेर लोंबतं. खड्ड्यात ते उसळलं की पुढचं टोक कॅरिअरला उचकटतं. मिस्तरींनी जुनी भोकं दाखवली, ती गोल राहिलीच नव्हती. प्रत्येक हिसक्यागणिक बोल्टने पत्रा थोडा थोडा खाल्ला होता. टपाचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो. माल गाडीबाहेर ठरलेल्या मर्यादेपलीकडे काढला, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात वीस हजारांचा दंड आहे. दंड राहू द्या, मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या छातीच्या उंचीवर ते टोक असतं. ते पाईप मी आता मोठ्या गाडीनेच आणतो.

जुन्या जीपा, अँबेसेडर, मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी यांच्या टपाला कडेने पन्हळ असे. कॅरिअरचे पाय त्या पन्हळीला चाप लावून घट्ट व्हायचे, पत्र्याला भोक पाडायची गरजच पडत नसे. ती रीत मला आजही सर्वांत चांगली वाटते. पन्हळ नसेल तिथे भोक पाडावं लागतं, आणि खरं काम तिथून सुरू होतं.

मिस्तरींचा सकाळचा सगळा वेळ जुनं सिलिकॉन काढण्यात गेला. आंबूस वास येणारं साधं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं, आणि उघड्या लोखंडाला ते गंजवतं. शिवाय त्याचा पुसट थर जरी राहिला तरी त्यावर ना रंग धरत, ना नवं सीलंट. पातं, थिनरचं फडकं, मग पॉलिशपेपर, असं करत पत्रा चकचकीत होईपर्यंत त्यांनी घासला. जुनी भोकं पत्र्याच्या चकत्या रिव्हेटने मारून आणि सीलंट भरून बुजवली. नव्या पायांची जागा त्यांनी टपाच्या कडेजवळ, आतल्या आडव्या पट्टीच्या वर धरली. मधला पत्रा वजन पेलत नाही, तो दबतो. दबलेल्या जागी पाणी साचतं, आणि साचलेलं पाणी आत शिरायची वाट शोधतं.

ड्रिल लावण्याआधी त्यांनी आत ओलं फडकं ताणून बांधलं. आधी बारीक ड्रिल, मग बोल्टच्या मापाचं. पडलेला लोखंडी कीस चुंबकाने वेचून घेतला. टपावर राहिलेला एक कण एका रात्रीच्या दवाने गंजतो आणि रंगात डाग धरतो. भोकाच्या कडेला बारीक ब्रशने प्रायमर लावला. “ही कड उघडी राहिली तर वरचं सगळं सीलंट फुकट,” मिस्तरी म्हणाले. प्रायमर सुकेपर्यंत चहा झाला.

पायाखाली घालायला ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून रबराच्या पट्ट्या कापल्या. मग गनमधून राखाडी पॉलियुरेथेन सीलंटचं अखंड कडं भोकाभोवती, आणि थोडं बोल्टच्या आट्यांवरही. इपॉक्सीचा कडक लगदा का नको, याचा हिशेब सोपा आहे. लोखंड तापलं की एका मीटरमागे प्रत्येक अंशाला साधारण 0.012 मिलिमीटर वाढतं; म्हणजे पहाटेचा गार पत्रा वैशाखात दुपारी चाळीस अंशांनी जास्त तापला, तर दीड मीटर रुंद टप जवळजवळ पाऊण मिलिमीटर पसरतो. रोज पसरायचं, रोज आकसायचं. कडक लगदा त्यात तडकतो, रबरासारखं सीलंट सोबत हलतं.

मी समजत होतो की आता पाना लावून आवळायचं. मिस्तरींनी नट फक्त हाताने फिरवला, सीलंट कडेने जरासं बाहेर डोकावेपर्यंत. त्याच वेळी गच्च आवळलं तर सगळं सीलंट पिळून बाहेर येतं आणि मध्ये काहीच उरत नाही. एक रात्र गाडी तशीच ठेवायची. हे सीलंट हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत धरत जातं, उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत सावकाश. मागच्या वेळी दोन तासांत गाडी मिळाली याचं मला कौतुक वाटलं होतं. गळतीचं मूळ त्या दोन तासांत होतं.

दुसऱ्या दिवशी पोऱ्याने वरून बोल्टचं डोकं पान्याने स्थिर धरलं आणि मिस्तरींनी आतून नट आवळला. बोल्ट फिरला तर धरलेलं सीलंट तुटतं, म्हणून फिरवायचा तो नटच. आत मोठा, जाड वायसर, त्यावर नायलॉनचा नट. एका कोपऱ्यातला झाला की त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला. पायाच्या तीन बाजूंना सीलंटची कड ओढली, उताराकडची चौथी बाजू मोकळी ठेवली. चुकून आत गेलेल्या थेंबाला बाहेर पडायला तीच वाट. कॅरिअरच्या चौकोनी पाईपांची तोंडं बुजवून खालच्या अंगाला बारीक भोक पाडलं, तेही याचसाठी.

अस्तर लगेच चढवलं नाही. प्रत्येक नटाखाली वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवून नळी लावली. आधी मागचे पाय, मग मधले, शेवटी पुढचे. एकदम सगळ्या टपावर पाणी सोडलं तर कुठला पाय गळतो ते कळत नाही. अर्ध्या तासाने सहाही तुकडे कोरडे निघाले.

तुमच्याही गाडीला कॅरिअर असेल तर मृग लागायच्या आधी अस्तर काढून नट पाहा. गंज दिसला तर वरून सीलंट फासू नका, पाय काढून मुळापासून काम करून घ्या आणि गाडी एक रात्र मिस्तरींकडे राहू द्या.