शेपटीपासून सुरू होणारं विमान

कांदिवलीतल्या एका निवासी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान तयार झालं, ही गोष्ट महाराष्ट्राने २०१६ मध्ये अचंब्याने पाहिली. ते बनवणारे कॅप्टन अमोल यादव जेट एअरवेजमध्ये वैमानिक होते, मूळचे सातारा जिल्ह्यातले. इमारतीला लिफ्ट नव्हती. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंग मशीन, अगदी १८० किलोचं इंजिनसुद्धा अरुंद जिन्यानेच वर गेलं. एकत्र कुटुंब पैशाने आणि श्रमाने पाठीशी उभं राहिलं. पुढे विमान सुटं करून क्रेनने खाली उतरवलं आणि ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांसमोर ठेवलं.

बांधणी संपली, तरी आकाश दूरच होतं. विमानाची नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये आणि उड्डाणाची परवानगी हाती आली ऑक्टोबर २०१९ मध्ये. हौशी विमानबांधणी करू पाहणाऱ्यांनी हा काळ आधीच हिशेबात धरावा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी बोलणी पहिला पत्रा कापण्याआधी सुरू व्हायला हवीत.

यादव यांचं विमान स्वतःच्या आराखड्यावर बनलेलं. चार-आठ हौशी माणसं एकत्र येणार असतील, तर त्यांच्यासाठी किट जास्त शहाणपणाचं. आराखडा आधीच उडून पारखलेला असतो, पत्र्याचे भाग कापून, वाकवून, बहुतेक भोकं पाडून येतात. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे निम्म्याहून जास्त काम मात्र हौशी मंडळींनी स्वतः, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी करावं लागतं. तिथल्या ऑशकोशच्या विमान मेळाव्यात २०१४ मध्ये एक दोन आसनी किट आठवडाभरात जुळवलं गेलं. मेळाव्याला आलेल्या हजारो लोकांनी एकेक रिव्हेट मारलं. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या किशोरवयीन मुलामुलींनी चार आसनी ‘स्लिंग’ जोडलं आणि ते केपटाऊनहून कैरोपर्यंत गेलं.

एवढे नवखे हात लागूनही विमान सुरक्षित कसं राहतं? काम करणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा, या एका शिस्तीमुळे. दोन पत्रे क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या पिनांनी तात्पुरते जखडतात, भोकं एकसारखी करतात, पुन्हा सुटे करून प्रत्येक भोकाची बर, म्हणजे कडेला उरलेला धातूचा कंगोरा, काढतात आणि मगच रिव्हेट बसवतात. बर राहिली तर पत्रे नीट चिकटून बसत नाहीत आणि तिथूनच बारीक तडा जाण्याचा धोका असतो. बोल्ट टॉर्क रेंचने ठरलेल्या जोराने आवळला, की त्यावर रंगाची रेघ ओढतात. पुढे बोल्ट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. कोणी केलं, कोणी तपासलं, कधी, हे सगळं त्याच दिवशी वहीत सहीनिशी लिहायचं. थोरामोठ्याचं कामही धाकट्याने तपासावं आणि त्यात कुणी मानापमान धरू नये. संघ बांधताना सगळ्यात अवघड हेच, आणि सगळ्यात मोलाचंही.

असा संघ महाराष्ट्रात कुठे उभा राहू शकेल? छत्रपती संभाजीनगरला ही शिस्त नवी नाही. शहराजवळच्या वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये आला आणि त्याभोवती सुटे भाग बनवणारे असंख्य कारखाने वाढले. मायक्रोमीटर, गेज, तपासणीचा तक्ता इथल्या हजारो घरांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. असं मनुष्यबळ देशातल्या फार थोड्या शहरांकडे असेल. निवृत्त टूलरूम कारागीर, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि विमान देखभालीचा परवाना असलेला एखादा अनुभवी अभियंता एका शेडमध्ये आले, तर संघाचा गाभा तयार होतो. तांत्रिक बाबीत शेवटचा शब्द त्या अभियंत्याचा. पैशाचा हिशेब दुसऱ्याकडे. मधेच कुणी सोडून गेलं तर त्याच्या हिश्श्याचं काय, हे पहिल्याच बैठकीत कागदावर यावं.

सगळं किट एकदम मागवायची गरज नसते. अनेक कंपन्या शेपूट, पंख आणि धड वेगवेगळं विकतात, आणि बांधणीची सुरुवात बहुधा शेपटीपासूनच होते. ती लहान असते, साध्या शेडमध्ये मावते, आणि पुढे लागणारं जवळजवळ प्रत्येक कौशल्य तिच्यात येतं. शिवाय रविवारी सकाळी नेमाने कोण येतं, तेही इंजिनासाठी पैसे गोळा करण्याआधीच कळतं.