लोणारच्या दगडात साठलेला प्रकाश



वडनेर भोलजीहून घाट चढून लोणार पाहून आलेली मंडळी या सभेत पुष्कळ असतील. तेथे लवणासुराची कथा ऐकावी, दैत्यसूदनाचे दर्शन घ्यावे, काठावरून ते सुमारे १८०० मीटर रुंदीचे विवर डोळे भरून पाहावे आणि परतावे, असाच आपला रिवाज. आम्ही आज बोलणार आहोत ते मात्र तेथल्या साध्या काळ्या दगडाविषयी. हा दगड प्रकाश साठवून ठेवतो, असे म्हटले तर आपणांस नवल वाटेल. पण ते खरे आहे. आणि हा साठा त्याच्या अंगातील मोडतोडीवर अवलंबून असतो.

आपल्या काळ्या पाषाणात फेल्डस्पार नावाचे बारीक फिकट स्फटिक असतात. सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम आणि सोडियम यांची प्राणवायूशी पडलेली ती गाठ. स्फटिक म्हणजे अणूंच्या सरळ ओळी. परंतु तिफणीने पेरलेल्या ज्वारीतही कोठे तूट पडते, कोठे भलतेच रोप उगवते, तसेच येथेही. एखादा अणू जागेवर नसतो, एखाद्या जागी परका येऊन बसलेला असतो.

या उणिवांचे काम काय? आपल्या अंगणातली शहाबादी फरशी डोळ्यांपुढे आणावी. ती अगदी गुळगुळीत असेल, तर पावसाचे पाणी वाहून जाते. जागोजागी टवके उडाले असतील, तर प्रत्येक टवक्यात पाणी साचते. आणि फरशीचा पार चुरा झाला असेल, तर पाणी भेगांतून झिरपून जाते, साचत नाही. आमचा सगळा विषय या तीन फरश्यांत आला.

पाण्याच्या जागी इलेक्ट्रॉन घ्यावेत. कोणत्याही दगडात युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांचा अत्यल्प अंश असतो. त्यांतून निघणारे किरण स्फटिकातील इलेक्ट्रॉन जागचे हलवितात. बहुतेक लगेच परततात. काही मात्र त्या उणिवांच्या खळग्यांत अडकतात आणि हजारो वर्षे तेथेच राहतात. दगड चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापविला की ते सुटतात, आणि खाली येताना काहींची शक्ती प्रकाशरूपाने बाहेर पडते. हीच उष्णदीप्ती. ती इतकी मंद की डोळ्यांना सहसा दिसत नाही, यंत्राने मोजावी लागते. एकदा तापविले की खळगे रिकामे. म्हणूनच जुन्या खापरांचे वय या रीतीने काढता येते: कुंभाराच्या भट्टीने हिशेबाची पाटी पुसलेली असते, आणि पुढचा साठा त्या दिवसापासूनचा असतो.

माणकाची गोष्ट थोडी निराळी, पण भावकीतली. शुद्ध ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक रंगहीन असतो. त्यात थोडे ॲल्युमिनियम काढून क्रोमियम बसले की तो तांबडा होतो आणि तांबडा प्रकाशही देतो. मेमन यांनी १९६० साली पहिला लेसर केला तो अशाच माणकातून. क्रोमियमची गर्दी झाली, की अणू आपसांतच शक्ती वाटून घेतात आणि तेज मंदावते.

आता लोणार. येथे अशनी आदळून विवर झाले, हे १९७३ साली फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांच्या संशोधनाने पक्के झाले. त्यांच्या पुराव्यात मास्केलिनाइट हे एक मुख्य होते. हा फेल्डस्पारच, पण आघाताच्या दाबाने आतील ओळी उद्ध्वस्त होऊन काचेसारखा झालेला. बाहेरून मात्र स्फटिकाचा जुना आकार तसाच! गंमत अशी, की हा पदार्थ प्रथम ओळखला गेला तो १८६५ साली बिहारात शेरघाटीला पडलेल्या अशनीत. अशनींच्या अभ्यासात असे आढळले आहे, की फेल्डस्पार आघाताने असा मोडला की त्याची उष्णदीप्ती घटते. ही आपली तिसरी फरशी.

आणि येथेच वयाचा पेच पडतो. आघाताच्या उष्णतेने वितळलेल्या काचेत पूर्वीचा साठा पुसला जातो, म्हणून तिच्या उष्णदीप्तीवरून सेनगुप्ता, भंडारी व वातानाबे यांनी १९९७ साली विवराचे वय सुमारे ५२,००० वर्षे काढले. पुढे २०११ साली जूर्दां व सहकाऱ्यांनी तेथल्याच वितळलेल्या खडकातील आर्गॉन वायू मोजून सुमारे ५,७०,००० वर्षे असा आकडा दिला. फरक दहापटींहून अधिक! एकाच घराण्यातल्या दोन वडीलधाऱ्यांनी आजोबांचे वय इतके निरनिराळे सांगावे, तसे हे झाले.

प्रकाशाच्या घड्याळात दोन खोडी आहेत, त्या आपण ध्यानी घ्याव्यात. खळगे मोजकेच, ते भरले की घड्याळ थांबते. दुसरी खोड अधिक लबाड. ॲन विंटल यांनी १९७३ साली दाखविले, की ज्वालामुखीच्या खडकांतील फेल्डस्पारमधून अडकलेले इलेक्ट्रॉन दगड न तापविताही हळूहळू निसटतात. दोन्ही खोडींनी साठा कमी भरतो, आणि दगड आहे त्याहून तरुण दिसतो. लोणारच्या काचेत यांपैकी कोणत्या खोडीचा वाटा किती, हे तुकड्यातुकड्याने तपासावे लागेल. आर्गॉनचे घड्याळही निर्दोष नाही. काच वितळताना जुन्या पाषाणातला वायू पुरता निघून गेला नसेल, तर दगड उलट अधिक म्हातारा दिसतो, आणि तो पाषाण तर साडेसहा कोटी वर्षांचा. तरी आमचा कल आर्गॉनकडे आहे. तेथे हिशेब अणूंच्या ऱ्हासाचा आहे, आणि स्फटिकाच्या खळग्यांवर त्याची भिस्त नाही.