फोनला साइन येतो कुठून?

आजच्या भागातलं गणित ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

कॅल्क्युलेटर उघडा, साइन ३० अंश टाका. ०.५ आलं ना? पण फोन काही आतमध्ये त्रिकोण काढून मोजत बसत नाही. त्याचं मुख्य भांडवल म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. आणि एवढ्यात बसते ती बहुपदी.

कोन रेडियनमध्ये घ्या, त्याला क्ष म्हणू. क्ष मधून क्ष चा घन भागिले ६ वजा करा. मग क्ष चा पाचवा घात भागिले १२० मिळवा. ३० अंश म्हणजे ०.५२३६. एका पदाला उत्तर ०.५२३६, दोन पदांना ०.४९९७, तीन पदांना ०.५००००२. झालं की काम! ही मालिका केरळच्या माधवाच्या परंपरेत युरोपच्या कितीतरी आधी माहीत होती. टेलरने सर्वसाधारण पद्धत छापली १७१५ मध्ये.

आता तेच सूत्र १८० अंशांना लावा. खरं उत्तर शून्य, सूत्र म्हणतं ०.५२४! कारण ही बहुपदी शून्याच्या आसपास जुळवलेली आहे, लांब गेलं की भरकटते. म्हणून सॉफ्टवेअर आधी मोठा कोन दुमडून लहान करतं, मगच बहुपदी वापरतं.

मग पदं वाढवत नेली की प्रश्न मिटला? इथेच गंमत आहे. वायरश्ट्रासने १८८५ मध्ये सिद्ध केलं, की ठरावीक टप्प्यातल्या कुठल्याही अखंड वक्राच्या हव्या तितक्या जवळ जाणारी बहुपदी असतेच. पण ती सापडते कशी, हा वेगळा प्रश्न. १९०१ मध्ये रुंगेने १ भागिले (१ + २५ क्ष वर्ग) हा साधा वक्र घेतला. उणे १ ते १ मध्ये समान अंतरावर बिंदू घेऊन त्यांतून बहुपदी नेली. बिंदू वाढवले तशी ती मध्ये छान जुळली, टोकांना मात्र अजूनच उसळ्या मारू लागली. उपाय? चेबिशेवच्या पद्धतीने टोकांजवळ बिंदू दाट घ्यायचे.

हे तुमच्या कामाचं का? स्प्रेडशीटमध्ये सहा घातांची ट्रेंडलाइन सगळ्या ठिपक्यांना जवळजवळ चिकटते आणि पुढच्या महिन्याचा अंदाज भलतीकडेच नेते. प्रोजेक्ट असो की धंद्याचा हिशेब, छान जुळलेली रेघ दिसली की दोन प्रश्न विचारा: ही कुठून कुठपर्यंत खरी? आणि चूक जास्तीत जास्त किती?

जाता जाता गृहपाठ: तीन पदांनी साइन ६० अंश काढा, कितीने चुकतं ते बघा. भेटू पुढच्या भागात!