दायमाबादचा रथ आणि पाटीवरच्या चार ओळी

संग्रहालयातल्या वस्तूशेजारी एक छोटी पाटी असते. ती लिहिणाऱ्याचे नाव तिच्यावर नसते. वस्तू कुठे मिळाली, कशाची आहे, तिच्याबद्दल पक्के काय आणि अंदाजाचे काय, हे ठरवून येणाऱ्याला समजेल अशा मराठीत सांगणे, हे अर्थविवेचकाचे काम. आपल्याकडे उत्खनन करणाऱ्याला मान आहे, संग्राहकालाही आहे; या कामाची गणना मात्र अजून सजावटीत होते. माझ्या मते अभ्यासाचा खरा कस इथेच लागतो.

दायमाबादचेच बघा. 1974 साली प्रवरेकाठच्या या गावी झुडपाचे मूळ खणताना एका शेतकऱ्याला ब्राँझच्या चार वस्तू मिळाल्या: रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चारही मिळून साठ किलोंहून जड. रथ सुमारे 45 सेंटिमीटर लांब, पुढे बैलजोडी, मागे उभा हाकणारा. पाहणारा पहिल्यांदा विचारतो, ‘हे किती जुने?’ आणि इथेच पंचाईत होते. अनेक अभ्यासक या वस्तू उत्तर हडप्पाकालीन मानतात. पण त्यांच्या धातूत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून जास्त निघाले, तेव्हा काहींनी या कालनिर्णयावरच शंका घेतली. वस्तू शास्त्रीय उत्खननात मिळाल्या असत्या, तर ज्या थरात होत्या तो थर आणि सोबतची खापरे साक्षीला उभी राहिली असती. पाटीवर नुसते ‘हडप्पाकालीन’ लिहून मोकळे होणे सोपे आहे. वाद आहे आणि तो का आहे, हे चार ओळींत सांगणे कठीण. पण प्रेक्षकाचा तो हक्कच आहे.

वाद सांगावा तसे वस्तूचे दूरचे नातेही सांगावे. तेर या गावची हस्तिदंती स्त्रीमूर्ती तिथल्याच लामतुरे संग्रहालयात आहे. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती 1938 साली इटलीत पाँपेईच्या उत्खननात निघाली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझमूर्ती मिळाली. पाटीशेजारी व्यापारी मार्गांचा एक नकाशा लावला, तर तेर आणि कोल्हापूर थेट भूमध्य समुद्राशी जोडलेले दिसतात. असा नकाशा लावायला फार पैसा लागत नाही, अभ्यासू माणूस लागतो.

पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपे, वज्र्या जमवल्या आणि 1975 साली सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. घरातल्या वापराच्या वस्तूंनाही इतिहास असतो, हे त्यांनी मराठी माणसाला दाखवले. या वस्तूंचे विवेचन तर अधिकच अवघड, कारण त्या वापरणाऱ्या बायांची नावे कुठल्याच बखरीत नाहीत.

शेत नांगरताना, पाया खणताना तुम्हालाही असे काही मिळेल. ते घासू नका, चिंचेने उजळवू नका, जागेवरून हलवू नका. फोटो काढा, जागा आणि खोली लिहून ठेवा आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. जमिनीत गाडलेले धन मिळाल्यास ते कळवणे 1878 च्या निखात निधी कायद्याने बंधनकारकही आहे.