हात खिडकीपर्यंत पोचेना

परदेशातून आलेला नकाशा टेबलावर पसरला आणि आमच्या ड्राफ्ट्समनने पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, यात ड्रायव्हर कुठल्या बाजूला बसलाय?"

काम छोटंसं होतं. चंदीगडच्या वेशीवर, महामार्गाला लागून असलेल्या प्लॉटवर, गाडीतून न उतरता कॉफी घेता येईल असं दुकान. कंपनीने तिचा ठरलेला नकाशा पाठवला होता. तो डावीकडे स्टिअरिंग असलेल्या देशातला. तिथे गाडी इमारतीला डाव्या हाताला ठेवून फिरते, म्हणजे घड्याळाच्या उलट. आपला ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे खिडकी उजव्या हाताला हवी आणि गाडी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरायला हवी. पुढे साइटवर चुन्याची आखणी पाहून आमचे मिस्त्री म्हणाले, "ये तो सीधी परिक्रमा है." अगदी बरोबर. देवळाला उजव्या हाताला ठेवून घालतात, तीच प्रदक्षिणा.

कॉम्प्युटरवर 'मिरर' म्हटलं की नकाशा क्षणात उलटतो. भिंती उलटल्या, दारं उलटली, जिथून वळायचं ते कोपरे उलटले. अडलं ते आतल्या ओट्यावर. कॉफीचं मशीन कुणी उलटं बनवून देत नाही आणि कॉफी करणारी मुलं बहुतेक उजव्या हाताचीच असतात. उलटलेल्या ओट्यावर तयार कप डाव्या हाताला येत होता. तो उचलायचा, अंगाला पीळ देत वळायचं आणि खिडकीबाहेर द्यायचा. दिवसातून शेकडो वेळा. मग बाहेरचं कवच उलटं ठेवून ओटा आम्ही पहिल्यापासून मांडला. तीन दिवस ऑफिसच्या लांब टेबलावर कागदी कप इकडून तिकडे सरकवत होतो. या इमारतीबद्दल मला सगळ्यात जास्त अभिमान त्या ओट्याचा आहे आणि तो गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही.

हे दुकान शहराबाहेर का, असं मला पुण्याहून आलेले मित्र नेहमी विचारतात. चंदीगडमध्ये गाड्या भरपूर, रस्ते रुंद, मग आतच का नाही? उत्तर शहराच्या आराखड्यात आहे. तो करणाऱ्या वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिएने इथले रस्ते व्ही-१ पासून व्ही-७ पर्यंत सात प्रकारांत वाटले. ८०० मीटर बाय १२०० मीटरच्या सेक्टरला वळसा घालणारा वेगवान रस्ता म्हणजे व्ही-३. त्याच्यावर घराचं वा दुकानाचं दार उघडायचं नाही, हा मूळ दंडक. दुकानं सेक्टरच्या आतल्या, संथ व्ही-४ वर. आणि सेक्टर १७ च्या चौकात तर गाडीला मज्जावच, तिथे माणसाने पायीच फिरायचं. म्हणजे गाडीचा विचार करून आखलेल्या या शहराने गाडी आणि दुकान यांना जाणूनबुजून दूर ठेवलं. मला हा निर्णय आजही फार शहाणपणाचा वाटतो.

म्हणून असं दुकान वेशीवर उभं राहतं. टाटा स्टारबक्सने २०१२ साली मुंबईत हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये भारतातलं पहिलं दुकान उघडलं. गाडीतून कॉफी देणारं त्यांचं देशातलं पहिलं दुकान मात्र २०२० मध्ये झालं, ते झिरकपूरला, अंबाला–चंदीगड महामार्गावर. मैदानातून शिमल्याकडे निघालेली गाडी जिथे पहिल्यांदा दम खाते ती ही जागा. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सची अशी पहिली खिडकी १९७५ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या सिएरा व्हिस्टाला झाली, तीही शेजारच्या छावणीतल्या सैनिकांना कामाच्या गणवेशात गाडीतून उतरायची परवानगी नव्हती म्हणून. प्रत्येक खिडकीमागे त्या त्या जागेची अशी एक अडचण असते.

आमची अडचण साइटवरच कळली. पाया खणण्याआधी आम्ही प्लॉटवर चुन्याने पूर्ण इमारत आखली. कर्बच्या जागी विटांची रांग लावली, खिडकीच्या जागी विटांवर फळी ठेवली. मग एक अल्टो आणि एक फॉर्च्युनर फिरवून पाहिली. महामार्गावरून पहिल्या तोंडातून आत, उजवीकडे वळत वळत मागून वळसा, आणि पुढच्या तोंडातून बाहेर. समोरून येणारी गाडी कुठेच ओलांडावी लागत नाही. फिरणं झकास जमलं. फॉर्च्युनर फळीपाशी थांबली, मिस्त्रींनी रिकामा कप पुढे केला, ड्रायव्हरने हात बाहेर काढला. दोघांच्या बोटांमध्ये वीतभर हवा.

"मॅडमजी, गड्डी तो घूम गई, हाथ नहीं पहुँचा."

कारण विटांवर दिसत होतं. वळताना गाडीचं मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आतून जातं. ते कर्बला घासू नये म्हणून ड्रायव्हर आपसूक लांबून वळण घेतो, आणि आमची खिडकी वळण संपतं तिथेच होती. गाडी सरळ व्हायला जागाच नव्हती. खिडकी एका गाडीच्या लांबीएवढी पुढे सरकवली आणि हात पोचला. मग उंची. अल्टोच्या काचेची कड जमिनीपासून तीन फुटांच्या आसपास, फॉर्च्युनरची जवळजवळ चार फूट. दोघांच्या मधलं माप धरून खिडकीची कड ठरवली आणि आतली फरशी त्या मापाशी जुळवून घेतली, म्हणजे देणाऱ्याला वाकावं लागत नाही. कॉर्ब्युझिएच्या मॉड्युलॉर या मापपद्धतीतला प्रसिद्ध माणूस हात वर करून २.२६ मीटर उंच उभा आहे. आमचा माणूस बसलेला, कमरेला पट्टा लावलेला. आख्खी इमारत त्याच्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या मापावर बेतायची होती.

खिडकीवरचं छत आधी आखूड होतं. त्याच्या पागोळ्या नेमक्या भिंत आणि गाडीच्या फटीत, म्हणजे ड्रायव्हरच्या बाहीवर पडल्या असत्या. ते गाडीच्या टपापलीकडे नेलं, आणि टपावर सामान लादून पहाडाकडे निघालेल्या गाड्यांसाठी उंचही केलं.

नकाशात धरलेला आणखी एक अंदाज चुकीचा ठरला. तिकडे बहुधा गाडीत एकटा माणूस असतो आणि तो बोलून पुढे सरकतो. इथे गाडीत आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे. ऑर्डरच्या फलकापाशी चर्चा सुरू होते, एक जण साखर कमी सांगतो, मागून कुणी चहा आहे का विचारतं. मला ते दृश्य फार आवडतं, पण रांग महामार्गावर जाऊन चालणार नव्हतं. म्हणून आम्ही फलक आत ढकलला आणि त्याच्याही आधी, पहिल्या वळणावर, वाचायला आणखी एक फलक लावला. चर्चा तिथे उरकते.

दुकान सुरू होऊन महिना झाल्यावर मी भल्या सकाळी एकटीच तिथे गेले. धुकं होतं. कॉफी घेण्याआधी खाली वाकून कर्ब पाहत सगळी प्रदक्षिणा पायी चालले. पहिल्या वळणावर टायरचे काळे ओरखडे होते, एकावर एक. मागच्या कोपऱ्यावर दोन-तीन. खिडकीसमोरचा कर्ब मात्र रंगवला होता तसाच पिवळाधमक होता.