दुखण्याच्या गोळीला गुडघा कुठे ओळखता येतो?

गुडघा धरला की मेडिकलमधून ‘दुखण्याची गोळी’ आणायची, ही सवय घरोघरी इतकी रुळली आहे की डॉक्टरांनी ‘कोणती औषधं चालू आहेत?’ विचारलं, तर या गोळीचं नाव सहसा निघतच नाही. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही सगळी एकाच घरातली. ती दाह कमी करतात आणि त्यामुळे दुखणं उतरतं.

सांधा सुजतो तेव्हा तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनवतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, सूज चढते आणि मज्जातंतू इतके हळवे होतात की साधं उठणं-बसणंही कळ आणतं. ही रसायनं कॉक्स नावाच्या विकरामुळे तयार होतात. गोळी त्या विकरालाच अडवते. याच घरातलं ॲस्पिरिन १८९९पासून विकलं जात होतं, पण त्याचं हे गुपित जॉन व्हेन यांनी लंडनमध्ये उलगडलं ते १९७१ साली. पुढे १९८२चं नोबेल त्यांना विभागून मिळालं.

पण पोटात घेतलेली गोळी रक्तातून सगळीकडे जाते. जठराचं अस्तर आम्लापासून वाचवायला आणि किडनीचा रक्तपुरवठा राखायलाही प्रोस्टाग्लँडिनच लागतं. म्हणून अल्सर होतो, कधी आतल्या आत रक्तस्राव होऊन शौचाला डांबरासारखी काळी होते. बीपीची काही औषधं आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना जुलाब झाले, अंगातलं पाणी कमी झालं आणि त्यात दुखण्याची गोळी पडली, तर किडनी अचानक निकामी होऊ शकते. वयस्कर माणसांच्या बाबतीत ही भीती फार खरी आहे.

कॉक्सचे दोन प्रकार आहेत हे कळल्यावर जठराला सांभाळून घेणारी औषधं निघाली. त्यातलं रोफेकॉक्सिब १९९९मध्ये आलं आणि हार्ट ॲटॅक व पक्षाघाताचा धोका दिसल्यामुळे २००४मध्ये परत घ्यावं लागलं. हृदयाचा धोका जुन्या डायक्लोफिनॅकलाही आहे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती आमवाताच्या रुग्णांची. बोटांचे लहान सांधे सुजतात, सकाळी तास-तासभर हात आखडलेले राहतात, गोळी घेतली की बरं वाटतं. आणि आत सांधा झिजतच राहतो. ही गोळी तो आजार रोखत नाही. त्यासाठी मेथोट्रेक्सेटसारखी औषधं लागतात, तीही लवकर सुरू केलेली. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं; रोज घेतल्यास जिवावर बेततं.

वयामुळे झिजलेल्या गुडघ्याला मात्र आधी डायक्लोफिनॅकचं जेल लावून पाहावं. त्यातलं रक्तात फार थोडं उतरतं. सोबत मांडीच्या स्नायूंचा व्यायाम हवाच. गोळी लागलीच तर कमीत कमी मात्रेत, थोडेच दिवस आणि जेवणानंतर घ्यावी. पूर्वी अल्सर झालेला असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगावं.