खिडकी उघडा, शंख वाचवा!

मित्रांनो, तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी फिशटँक आहे? गोड्या पाण्याचा असेल तर निम्मं काम सोपं. पण माझ्या भाच्यानं मागच्या वर्षी हट्ट धरला तो खाऱ्या पाण्याच्या टँकचा. ‘फाइंडिंग निमो’मधल्यासारखे दोन केशरी-पांढरे क्लाऊनफिश, सच्छिद्र दगड आणि दगडांवरचं शेवाळ खाणाऱ्या चार समुद्री गोगलगायी. सगळी मंडळी दादरला, गोखले रोडच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आली.

तुम्ही म्हणाल, दादरला पाण्याची काय चिंता? चौपाटी पाच मिनिटांवर! पण ते पाणी इतकं गढूळ नि घाण, की मासे दोन दिवस टिकायचे नाहीत. म्हणून शुद्ध पाण्यात खास समुद्री मीठ विरघळवून पाणी घरीच तयार करतात. एका लीटरला साधारण ३५ ग्रॅम.

तीन महिने छान गेले. मग एका सकाळी भाच्याचा फोन. “मावशी, गोगलगायींच्या शंखांवर पांढरे चट्टे पडलेत. आणि पाण्याचा सामू ७.७ आलाय. बाबा म्हणतात, महिन्याभरात जमलं नाही तर टँक दुकानात परत!”

सामू म्हणजे पीएच, हे सातवी-आठवीच्या मुलांना माहीत असेल. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर आम्लारिधर्मी. समुद्राच्या पाण्याचा सामू साधारण ८.१ असतो. ७.७ म्हणजे पाणी काही लिंबूपाणी झालेलं नव्हतं. पण शंख, शिंपले, प्रवाळ हे सगळे ज्या चुनखडीचे बनतात, ती घडवणं अशा पाण्यात जड जातं.

बाबांनी उपाय करून टाकला होता. स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा, चांगला चमचाभर! फसगत इथेच होते. खाण्याच्या सोड्यानं पाण्याची आम्ल पचवायची ताकद वाढते, पण सामू जवळजवळ हलत नाही. उलट टाकल्या टाकल्या किंचित उतरतोसुद्धा. दुसऱ्या दिवशी पुन्हा ७.७. बाबा दुसरा चमचा घ्यायला निघाले, तेव्हा मी म्हटलं, “भाऊजी, थांबा. आधी रोग शोधू, मग औषध.”

पहिली पायरी : मोजमाप खरं आहे का? सामू मोजणारा मीटर ठरावीक द्रावणांत बुडवून जुळवून घ्यावा लागतो. आम्ही घेतला. तो बरोबरच होता.

दुसरी पायरी : केव्हा मोजायचं? भाच्याला मी एक वही दिली नि दिवसातून तीनदा आकडा लिहायला लावला. सकाळी सहाला ७.७, दुपारी ७.९, रात्री दिवा मालवायच्या आधी ८.०. गंमत कळली का? दिवसा टँकमधलं शेवाळ उजेडात अन्न तयार करतं आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वापरून टाकतं. रात्री ते काम बंद, श्वास मात्र सगळ्यांचा चालूच. म्हणून पहाटे सामू सगळ्यात खाली. थोडा चढउतार प्रत्येक टँकमध्ये होतो. आमचा मात्र फारच खाली चालला होता.

आता गोळीसोडा आठवा. त्यात कार्बन डायऑक्साइड दाबून भरलेला असतो. पाण्याशी मिळून त्याचं कार्बोनिक आम्ल होतं, म्हणून सोडा जिभेला चरचरतो. तोच पेला तासभर उघडा ठेवा. वायू उडून जातो आणि चरचर संपते. आमच्या टँकचाही असाच थोडासा ‘सोडा’ झाला होता का?

तिसरी पायरी म्हणजे आमचा प्रयोग. रविवारी पहाटे, सगळे घरात झोपलेले असताना, टँकमधलं पाणी दोन पेल्यांत घेतलं. एक पेला खोलीतच ठेवला, दुसरा बाहेर गॅलरीत. दोन्हींत छोट्या एअर पंपानं तासभर बुडबुडे सोडले. मग मोजलं. घरातला पेला : ७.७. गॅलरीतला पेला : ८.१!

भाचा ओरडलाच, “मावशी, पाणी तेच आहे. हवा वेगळी आहे!”

अगदी बरोबर. दोन्ही पेल्यांत सामू वाढला असता, तर टँकचं पाणी नीट ढवळलं जात नाही असं ठरलं असतं. दोन्हींत वाढला नसता, तर पाण्याची आम्ल पचवायची ताकदच कमी पडली असती. फक्त बाहेर वाढला, म्हणजे दोष खोलीतल्या हवेचा.

आणि का नसेल? दोन खोल्यांत सहा माणसं. कबुतरांच्या त्रासानं खिडक्यांना जाळ्या, रस्त्याच्या धुळीनं काचा बंद, रात्री एसी. बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे साधारण सव्वाचारशे भाग असतात. माणसांनी भरलेल्या बंद खोलीत ते हजाराच्याही वर जातात. टँकचा पंप तीच कोंदट हवा रात्रभर पाण्यात मिसळत होता.

उपाय अगदी स्वस्त निघाला. पंपाची हवा घेणारी नळी खिडकीबाहेर काढून टोकाला बारीक जाळी लावली. सकाळ-संध्याकाळ खिडक्या तासभर उघड्या. आठवड्यानं पहाटेचा आकडा ८.० वर आला. टँक घरातच राहिला. शंखांवरचे जुने चट्टे काही गेले नाहीत, पण नवे पडले नाहीत. आणि आजीची सकाळची डोकेदुखी कमी झाली, असं ती स्वतःच म्हणते!

एक सूचना. टँकमध्ये प्रवाळ ठेवावेसे वाटतील, पण आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत. ते तोडून आणणं गुन्हा आहे. बघायचेच असतील तर मालवणला जा. आणि प्रवाळ आपल्या मुंबईतही आहेत बरं का! सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती अलगद काढून दुसरीकडे लावाव्या लागल्या होत्या.

आता मोठा टँक बघू, म्हणजे आपला समुद्र. कारखाने सुरू होण्यापूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइडचे दहा लाखांत २८० भाग होते. कोळसा, पेट्रोल जाळून आपण ते सव्वाचारशेवर नेले. आपण सोडलेल्या या वायूचा जवळपास पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो. त्यामुळे त्याचा सामू ८.२ वरून ८.१ वर उतरला आहे. एवढासाच फरक? पण सामूची एक पायरी दहापटीची असते, म्हणून ०.१ नं उतरणं म्हणजे आम्लता सुमारे पाव पटीनं वाढणं. कालवं, तिसऱ्या, शंख, प्रवाळ या सगळ्यांना त्याचा त्रास आहे.

भाच्यानं विचारलं, “मावशी, समुद्राची खिडकी कुठे उघडायची?”

मी वर्गात रोज शंभर प्रश्नांची उत्तरं देते. या एका प्रश्नाला मला थांबावं लागलं. समुद्राच्या बाहेर दुसरी स्वच्छ हवा नाही, मित्रांनो. आहे ती एकच, आपल्या सगळ्यांची. तिच्यात धूर कमी सोडायचा, एवढंच आपल्या हातात आहे.

तोवर आज घरी एक काम करा. झोपायच्या खोलीची खिडकी उघडा, आणि आईबाबांनी विचारलं तर त्यांना दोन पेल्यांची गोष्ट सांगा.